डिव्हायडरमधला कट

माझी आत्या ज्या रस्त्यावर पडली, त्या रस्त्याचा नकाशा मी काढला होता. निर्णय माझा नव्हता, पण कागदावरच्या रेघा माझ्या हातच्या होत्या.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. आर्किटेक्चर शिकून मी बडोद्यातल्याच एका लहानशा खासगी ऑफिसात नोकरीला लागले होते. साहेब पन्नाशीचे, गुजराती, कामाला चोख आणि बोलायला तुटक. शहरात गाड्या भराभर वाढत होत्या. आमच्या दांडिया बाजारातल्या गल्लीत एका वर्षात तीन नव्या मोटारी आल्या आणि त्या ठेवायच्या कुठे यावरून तीन भांडणं झाली. अशा दिवसांत आमच्या ऑफिसाला घराजवळच्या, रावपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम मिळालं. काम देणाऱ्यांची अपेक्षा एका वाक्याची होती: वाहनं अडकता कामा नयेत.

आम्ही वाहनं न अडकण्याचा रस्ता केला. मधोमध सलग डिव्हायडर, त्यावर कमरेएवढं लोखंडी रेलिंग, म्हणजे कुणी मधूनच रस्ता ओलांडणार नाही. दोन्हीकडचे फूटपाथ कापून तिथे स्कूटर लावायला जागा. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट पहिल्यांदाच आपण काढलेलं काहीतरी खरोखर बांधलं जाणार, या आनंदात मी एका रविवारी तो नकाशा घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरून बसले.

आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. शाळेत गणित शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती आणि आमच्याकडेच राहायची. शाळेत सायकलने जायची, निवृत्तीनंतरही सगळीकडे सायकलनेच. पाचवारी साडीचा पदर खोचून, हँडलला कापडी पिशवी अडकवून, ती संथ पण सरळ रेषेत सायकल चालवायची. तिने चष्मा लावला आणि नकाशावर वाकली. त्या काळी नकाशावर घासून उमटवायच्या माणसांची तयार पानं मिळत. मी फूटपाथच्या उरलेल्या पट्टीवर तशी पाच-सहा माणसं उमटवली होती.

"ही कोण माणसं?"

"माणसंच. रुंदी किती ते कळावं म्हणून लावतात."

"हॅट घालून रावपुऱ्यात कोण फिरतं? आणि एकाच्याही हातात भाजीची पिशवी नाही."

"आत्या, ती पानं तयार मिळतात. त्यात पिशवीवाली माणसं नसतात."

"सायकलवाली?"

"त्यांचं पान वेगळं असतं. ऑफिसातलं संपलंय."

"बरं," ती म्हणाली. मग बोट डिव्हायडरवर फिरवत म्हणाली, "मी वाचनालयात जाताना जिथून पलीकडे जाते, ती जागा कुठे आहे यात?"

"ती आता नाही. सर्कलवरून वळून यायचं."

तिने सर्कल शोधलं. नकाशाच्या कडेपर्यंत तिचं बोट गेलं आणि तिथेच थांबलं, कारण सर्कल पुढच्या कागदावर होतं. "हं," एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

रस्ता वर्षभरात झाला. वाहनं खरंच सुटली. साहेबांनी ऑफिसात सगळ्यांना कचोरी खाऊ घातली. मी तोवर स्कूटर घेतली होती आणि मला रोज सकाळी तो रस्ता आवडायचा.

आत्याचा अपघात झाला तेव्हा मी ऑफिसातच होते. फोन आला, आत्याला दवाखान्यात नेलंय. मी पोचले तर ती बाकावर ताठ बसलेली, उजवा हात ओढणीने गळ्यात बांधलेला. ओढणी तिची नव्हती. शेजारी कॉलेजमधली एक मुलगी रडत बसली होती. तिचीच ओढणी होती, तिच्याच मोपेडने आत्याला धक्का दिला होता आणि तिनेच रिक्षात घालून दवाखान्यात आणलं होतं. मला पाहताच ती गुजरातीत म्हणाली, "बेन रोंग साइडमां आवता हता. में ब्रेक मारी, पण..."

मी तिच्यावर ओरडणार, तेवढ्यात आत्या मराठीत मला म्हणाली, "तिला काही बोलू नकोस. बरोबर सांगतेय ती. मी उलट्या बाजूने येत होते."

मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर झालं. घरी आल्यावर बाबा रागावले, आई रडली, आणि मी ज्या रागाने बोलायला नको होतं त्या रागाने बोलले. "उलट्या बाजूने कशाला गेलीस? नियम माहीत नाही का तुला?"

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "आता तू मला एवढंच सांग, मी कुठून जायला हवं होतं?"

"सर्कलपर्यंत जायचं, वळायचं आणि पलीकडच्या बाजूने परत यायचं."

"ठीक आहे. हात जरा बरा झाला की तू आणि मी चालून बघू."

मला वाटलं, विसरेल. पण गणिताच्या बाई त्या. दहा-बारा दिवसांनी शनिवारी संध्याकाळी ती प्लास्टर सांभाळत चपला घालून दारात उभी राहिली. आम्ही निघालो. मी सांगितला होता तोच मार्ग. फूटपाथची उरलेली पट्टी स्कूटरांच्या मागच्या चाकांनी भरली होती, म्हणून आम्ही डांबरावरून चाललो. मागून हॉर्न वाजला की आम्ही दोन स्कूटरांच्या मधे शिरायचं, तो गेला की बाहेर यायचं. आत्याचा प्लास्टरचा हात रस्त्याच्या बाजूला येत होता. मी तिच्या उजवीकडे गेले. मग एका रिक्षाचा आरसा माझ्याच कोपराला लागला.

सर्कलवर आम्ही खूप वेळ उभ्या होतो. तिथे वाहनं थांबतच नव्हती. न थांबण्यासाठीच तर ती रचना होती. शेवटी खांद्यावर कापडाचं गाठोडं घेतलेला एक माणूस हात वर करून सरळ पुढे घुसला, आणि आम्ही त्याच्या मागोमाग धावलो. आत्याला मी इतक्या वर्षांत धावताना पाहिलं नव्हतं.

परत येताना पलीकडच्या बाजूने आमच्या गल्लीचं तोंड समोर दिसत होतं. मधे रेलिंग. तिथे एका जागी दोन सळ्या कुणीतरी वाकवून फाकवल्या होत्या. कोथिंबिरीची टोपली घेतलेली एक बाई आली, तिने टोपली आधी पलीकडे ठेवली, मग लुगडं सावरून त्या फटीतून तिरपी होऊन गेली. तिच्यामागे बँकेतल्या कारकुनासारखा दिसणारा एक गृहस्थ गेला. कुणाच्या चेहऱ्यावर आपण काही चुकीचं करतोय असं नव्हतं.

 घरी येऊन आत्या पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुझा रस्ता चुकीचा नाही. तो फक्त आमच्यासाठी नाही."

त्या "आमच्यासाठी" शब्दात मी नव्हते. ते मला लागलं.

सोमवारी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. म्हणाले, "तुझ्या आत्याबद्दल वाईट वाटतं. पण आपल्याला सांगितलं होतं ते काम आपण केलं. आता काम देणाऱ्यांकडे जाऊन आत्याचं प्लास्टर दाखवून चालणार नाही. मोजून आण. मग मी तुझ्याबरोबर येतो."

वाहनं मोजायचे छापील तक्ते आमच्याकडे गठ्ठ्याने होते. मोटार, स्कूटर, रिक्षा, बस, ट्रक असे रकाने. सायकल, हातगाडी आणि बैलगाडी 'इतर' या एकाच रकान्यात. चालणाऱ्यांसाठी रकानाच नव्हता. हे तक्ते मी स्वतः कितीतरी वेळा भरले होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. मी पट्टी घेऊन हाताने दोन रकाने वाढवले.

मोजायला आत्या येणार हे तिने मला विचारून ठरवलं नाही. त्या फाकवलेल्या सळ्यांसमोर भांड्यांचं एक दुकान होतं. तिथल्या ओट्यावर ती सकाळी येऊन बसली. उजवा हात प्लास्टरात, म्हणून डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारख्या वाकड्यातिकड्या रेघा ओढत. चार उभ्या, पाचवी आडवी. मी सर्कलच्या बाजूला, ती इथे. तीन दिवस आम्ही असे बसलो.

दुकानदाराला पहिल्या दिवशी आमचा संशय आला. दुकानासमोरची स्कूटरची जागा जाणार असं त्याला वाटलं. आत्याने त्याला गुजरातीत नीट समजावलं की आम्ही फक्त पलीकडून इकडे येणारी माणसं मोजतोय. तो एकदम गल्ल्यावरून उठून बाहेर आला. "लखो, लखो! सामेनुं घराक तो आवतुं ज बंध थई गयुं!" लिहा, म्हणे. समोरच्या बाजूचं गिऱ्हाईक येईनासं झालं, हे त्याचं दुखणं होतं. मग तो रोज आत्यासाठी चहा मागवू लागला आणि ती चहा पिताना एखादा माणूस सुटला तर आतून ओरडून सांगू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत्याकडे गेले तर तिने वहीत आणखी एक खूण सुरू केली होती, गोलाची.

"हे काय?"

"जे येतात, रेलिंगशी उभे राहतात, बघतात आणि परत फिरतात, ते. बहुतेक म्हाताऱ्या बायका. त्यांना कुठल्या रकान्यात घालायचं?"

 आम्ही तिसरा रकाना केला.

ज्यांच्या हातात निर्णय होता ते अधिकारी मराठीच निघाले. आमच्यासारख्याच, बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी इथे आलेल्या जुन्या घरातले. साहेब, मी आणि आत्या त्यांच्यासमोर बसलो. आत्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिला थांबवायची हिंमत साहेबांनाही झाली नाही. मी मांडणी केली: डिव्हायडरला दोन ठिकाणी कट द्यावेत, एक आमच्या गल्लीसमोर, एक वाचनालयाच्या बाजूला.

"कट?" आत्या मधेच मला हळूच म्हणाली. "कुणाविरुद्ध?"

अधिकाऱ्यांनी ते ऐकलं आणि हसले. त्यांनी तक्ते लक्षपूर्वक पाहिले. तिसऱ्या रकान्यावर बराच वेळ थांबले. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, तुमच्याशी खोटं बोलत नाही. लोक जातात हे मला दिसतं. पण उद्या मी कट दिला आणि तिथे कुणी मेलं, तर कागदावर माझी सही असते. रेलिंग ओलांडताना मेलं, तर ती त्याची चूक असते."

आत्या शांतपणे म्हणाली, "म्हणजे मरायचंच असेल, तर माणसाने सहीच्या बाहेर मरावं."

ते पुन्हा हसायला लागले आणि मधेच थांबले. साहेब खिडकीकडे बघू लागले. मला वाटलं, संपलं सगळं. पण त्या गृहस्थांनी पाण्याचा पेला झाकला, कागद पुढे ओढला आणि मला विचारलं, "गाड्या तिथे हळू होतील असं काही काढून देता येईल?"

मी आधीच काढून नेलं होतं. रस्त्याचा तेवढाच पट्टा थोडा उंच, म्हणजे वाहनाला वेग कमी करावाच लागेल. डिव्हायडरच्या मधे माणसांना थांबायला जागा. आणि कटमध्ये खांब रोवून केलेलं नागमोडी वळण, म्हणजे सायकलवाला उतरूनच जाईल. समोरच्या चार दुकानांपुरता फूटपाथ परत पूर्वीएवढा.

"दोन नाही. एक," ते म्हणाले. "गल्लीसमोरचा. प्रायोगिक तत्त्वावर."

बाहेर आल्यावर साहेब आत्याला वाकून नमस्कार करतील की काय असं मला वाटलं. त्यांनी तसं काही केलं नाही. फक्त स्वतःच्या गाडीचं दार तिच्यासाठी उघडून धरलं. ती म्हणाली, "नाही, आम्ही चालत जाऊ."

इथे ही गोष्ट संपली असती तर मी फार शहाणी ठरले असते. पण कट बांधून झाला त्या सकाळी आम्ही पाहायला गेलो, आणि भांड्यांच्या दुकानाशेजारच्या दुकानातला म्हातारा नोकर आपली सायकल घेऊन त्या नागमोडी वळणात अडकलेला होता. हँडल एका खांबाला, मागची दुधाची बरणी दुसऱ्या खांबाला. ना पुढे, ना मागे. त्याच्यामागे चार माणसं उभी. फूटपाथच्या कडेचे दगडही इतके उंच बसवले होते की आत्याला माझा खांदा धरून चढावं लागलं.

मी मुकादमावर चिडले. त्याने खिशातून घडी घातलेला नकाशा काढला, उलगडला आणि बोट ठेवलं. "बेन, कागळमां जेटलुं छे एटलुं ज कर्युं छे." कागदावर आहे तेवढंच केलंय. त्याचं खरं होतं. रुंदी मी एका परदेशी पुस्तकातून घेतली होती, रिकाम्या सायकलची. उंची जुन्याच नकाशातून उचलली होती.

आत्या घरी गेली आणि शिवणाची टेप घेऊन आली. मग आम्ही दोघींनी त्या सकाळी जी सायकल येईल ती थांबवून मोजली. दूधवाल्याची, गॅसचं सिलिंडर लावलेली, मागे टोपल्या बांधलेली, मुलाला पुढच्या दांड्यावर बसवलेली. लोकांना आधी गंमत वाटली, मग ते स्वतःच थांबून "आमची पण मापा" म्हणू लागले. मुकादम उभा राहून ऐकत होता. त्याने आपणहून एका कामगाराला पहार आणायला पाठवलं. दुपारपर्यंत एक खांब उपटला, कडेचे दगड दोन जागी काढून उतार केला. नवा नकाशा मी नंतर काढला, झालेल्या कामावरून. आमच्या धंद्यात हे उलट आहे. पण माझा तो पहिला बरोबर नकाशा.

आत्याचं मनगट मात्र पुरतं सुधारलं नाही. ब्रेक दाबायला बोटं वळत नव्हती. एक-दोनदा गल्लीत चालवून बघितली, मग तिने स्वतःच सायकल पुसली, तेल घातलं आणि ज्या मुलीने तिला धक्का दिला होता तिच्या धाकट्या बहिणीला देऊन टाकली. ती मोपेडवाली मुलगी अधूनमधून आत्याला भेटायला येत असे. नंतर तिच्याकडून गणितही शिकू लागली होती. मला सायकल दिल्याचं वाईट वाटलं. आत्याला विचारलं तर म्हणाली, "वापरात राहील. तू चालवली असतीस का?"

मी खोटं "हो" म्हणाले नाही.

त्यानंतर ती सात वर्षं चालत सगळीकडे गेली. साध्या तापाने आजारी पडली आणि गेली. तो कट तिच्यानंतरही होता. त्यावरून दर गणपतीच्या मिरवणुकीत वाद होई, एकदा खांब काढले गेले, पुन्हा बसवले गेले. चार दुकानांपुरता केलेला फूटपाथ हळूहळू भांड्यांच्या दुकानाने निम्मा गिळला. दुकानदाराला मी बोलले तर तो चहाच मागवायचा.

माझ्या हातून पुढे झालेलं काम सगळं चांगलंच झालं असं नाही. पुढे मी साहेबांचं ऑफिस सोडलं आणि स्वतःचं सुरू केलं. पहिलं मोठं काम कोयलीकडच्या एका रस्त्याचं आलं. रिफायनरीच्या बाजूला ठेकेदारांकडे काम करणारी माणसं पाळी सुटली की झुंडीने सायकलींवर निघायची, ट्रकांच्या मधून, धुळीतून. काम देणाऱ्याने मला रस्ता किती रुंद करायचा ते सांगितलं. मी म्हटलं, आधी आठ दिवस द्या. त्यातल्या एका दिवशी मी तिथल्या एका फिटरची सायकल मागून घेतली आणि पाळी सुटताना त्यांच्याबरोबर त्यांच्या गावापर्यंत गेले. वीस वर्षांत सायकल चालवली नव्हती. पहिल्याच ट्रकने माझा तोल गेला. मागून दोघांनी आपल्या सायकली माझ्या दोन्ही बाजूंना आणल्या आणि तसेच गावापर्यंत आले.

त्या रस्त्याला आम्ही सायकलींसाठी वेगळी पट्टी केली. ट्रकांपासून वेगळी, मधे मातीचा वरंबा आणि कडुनिंबाची रोपं. मागितली होती त्याच्या निम्मीच लांबी मंजूर झाली. उरलेल्या निम्म्या वाटेवर ती माणसं अजून ट्रकांच्या मधूनच जात होती, हे मी शेवटचं गेले तेव्हा पाहिलं. पट्टी होती तिथे मात्र दोघं-तिघं शेजारी शेजारी सायकल चालवत गप्पा मारत जात होते. त्यांच्यातला एक डबा मांडीशी धरून एका हाताने चालवत होता, आणि रोपं गुडघ्याएवढी झाली होती.